आई घरीच असते!

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गात एक छापील फॉर्म येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय. तुम्हीही तो भरला असेल. आठवून पाहा बरं, 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत?

मी संगमनेरला शाळेत होतो, तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रानं तिथं लिहिलं होतं, 'काही नाही. घरीच असते.'

आता गंमत पाहा. ही 'काही नाही' करणारी मावशी रोज हजार विड्या वळायची!

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवरेच्या काठचं आमचं संगमनेर आणि नाशिकच्या वाटेवरचं सिन्नर, ही दोन्ही विडीची जुनी गावं. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडतात. मग त्यांवर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं एकसारखे तुकडे कापायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तुकड्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. झाली एक विडी! सगळ्या विड्या मोजून कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला तपासणारा माणूस काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. त्या मजुरीतून गेल्या. आणि मजुरी ठरते ती हजारावर, तासावर नव्हे.

आता एक गणित. आठ तासांत हजार विड्या करायच्या तर एका विडीला किती सेकंद मिळतात? वहीत करून पाहा. २८.८ सेकंद! त्यातच पानं कापणं आलं, दोरा बांधणं आलं. पाणी प्यायला उठलं, दारात कुणी आलं, धाकटं पोर रडलं, की सेकंद गेले. म्हणून आठ तासांत काही भागायचं नाही. दहा लागायचे, बारासुद्धा लागायचे.

विडी ही वस्तू चांगली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ओढणाऱ्याचा तर ती घात करतेच, पण वळणाऱ्या बाईच्याही नाकातोंडात तंबाखूची धूळ जाते, पाठ धरते, डोळे चुरचुरतात. मावशीला रात्री खोकल्याची उबळ यायची ती मला अजून आठवते.

मग ती दुसरं काम का शोधत नव्हती? मी लहानपणी एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "तुम्ही पोरं शाळेतून येता तेव्हा घरात कुणी नको का रे?"

आजकाल शहरातल्या आया-बाबांच्या तोंडी 'घरून काम', 'सोयीच्या वेळेचं काम' हे शब्द नेहमी येतात. अनेकांना वाटतं, हे कॉम्प्युटर आल्यावर निघालेलं फॅड आहे. छे! आमच्या गल्लीत ते कितीतरी आधीपासून होतं. त्याला नाव होतं घरखाता. कारखान्यात बसून विड्या वळायच्या ते कारखान्याचं काम आणि घरी नेऊन वळायच्या ते घरखात्याचं.

सरकारलाही हे काम काम म्हणून मोजायला वेळच लागला. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्यात कामगाराची जी व्याख्या केली होती, तिच्यात कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणारी माणसंही धरली होती. म्हणजे मावशी कागदोपत्री कामगार झाली. पुढे १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा आला आणि त्या निधीतून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. माझ्या मित्राची मोठी पंचाईत झाली ती इथं! शाळेच्या फॉर्मवर त्यानं लिहिलं होतं 'काही नाही'. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र जोडावं लागलं. गुरुजींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात नाही, एकट्याला बोलावून. तेवढं बरं केलं.

तुम्ही म्हणाल, आई घरी असली म्हणजे मुलांची मजाच! तसंही नव्हतं. काम घरात आलं की ते घरातल्या सगळ्यांच्या हाताला चिकटतं. विडीचं तोंड दुमडायला बारीक बोटं लागतात आणि बारीक बोटं कुणाची? मुलांचीच ना! माझा मित्र संध्याकाळी तासभर तरी आईच्या शेजारी बसून तोंडं दुमडायचा. १९८६ साली बालकामगारांविषयीचा कायदा झाला, त्यात मुलांना न देण्याच्या कामांच्या यादीत विडी वळणं होतं. पण घरच्या माणसांनी मिळून घरीच चालवलेल्या कामाला त्यातून सूट होती. कायदा आला तो उंबऱ्यापर्यंत, आणि बाहेरच थांबला.

आणि तरीही त्या घरात मी एक गोष्ट पाहिली, ती पुढे फार कमी घरांत दिसली. आम्ही आठवीत होतो. सहामाहीत मित्राला गणितात नापासाचा शेरा मिळाला. तीन दिवस त्यानं प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी लपवलं. चौथ्या दिवशी विड्यांची तोंडं दुमडता दुमडता, मान खाली घालून तो हळूच म्हणाला, "गणितात गेलो मी."

मावशीनं वर पाहिलंच नाही. बोटं चालूच. थोड्या वेळानं म्हणाली, "किती कमी पडले?"

"सात."

"बरं." मग आणखी चारपाच विड्या झाल्यावर, "कोणतं येत नाही?"

"समीकरणं."

"आपल्यात कुणाला येतात?" आणि पाच मिनिटांनी तिनं मला, म्हणजे दारात बसलेल्या मला, कामाला लावलं!

मी अनेकदा विचार केला, तो त्या क्षणी का बोलला? मला वाटतं, समोरासमोर बसवून 'आता सांग पाहू' म्हटलं की तेराचौदा वर्षांच्या मुलाची दातखीळ बसते. तुमचंही असंच होतं ना? पण दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असले, कुणी कुणाकडे टक लावून पाहत नसलं, की शब्द आपोआप निघतात. विडीचं काम मावशीचे हात घेत होतं, पाठ घेत होतं, डोळे घेत होतं. कान तेवढे मोकळे होते.

ही कानांची गोष्ट लक्षात ठेवा. आता आपण जरा लांब, मुंबईला जाऊ.

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीत सात जणी गच्चीवर जमल्या. सगळ्या घरसंसारातल्या, कुणाकडेही नोकरीला लागेल अशी पदवी नाही. ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे 'लिज्जत' या नावानं घराघरांत गेलेले पापड. या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कामाची रीत मोठी छान. सकाळी केंद्रावर जाऊन मळलेलं पीठ घ्यायचं, घरी पापड लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचे. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार, नोकर नव्हे. विडीच्या घरखात्यात आणि यात केवढा फरक हा! इथंही काम घरीच, मोजून मजुरी इथंही. पण तपासणारी आणि लाटणारी दोघी एकाच संस्थेच्या मालकिणी.

साधारण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये काय झालं ते ऐका. स्टेफनी शर्ली नावाची एक बाई कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. ही पाच वर्षांची असताना, १९३९ साली, नाझींच्या छळातून वाचवण्यासाठी आईवडिलांनी तिला आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं होतं. अशी हजारो मुलं तेव्हा पाठवली गेली. १९६२ मध्ये तिनं अवघ्या सहा पौंडांवर स्वतःची कंपनी काढली आणि कामाला घेतल्या त्या मुख्यतः लग्न किंवा मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या बायका. पहिल्या ३०० जणांत २९७ बायका होत्या! सगळ्या आपापल्या घरी बसून, कागद-पेन्सिलीनं प्रोग्राम लिहायच्या. कॉन्कर्ड या आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्राम याच बायकांनी लिहिला.

बाईचं नाव वाचून गिऱ्हाइकं उत्तरच देईनात, तेव्हा ती पत्राखाली 'स्टीव्ह' अशी पुरुषी नावाची सही करू लागली. पण सर्वांत भारी युक्ती पुढची. घरी तान्हं मूल, आणि गिऱ्हाइकाचा फोन यायचा नेमका ते रडत असताना. मग तिनं टाइपरायटरचा खडखडाट टेपवर भरून ठेवला. फोन वाजला की आधी टेप चालू! पलीकडच्याला वाटायचं, काय मोठं ऑफिस आहे! काम चोख, हिशेब चोख, लपवावं लागत होतं ते फक्त घर. (या स्टेफनीबाई २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी वारल्या.)

नंतर लपवण्याची गरज थोडी थोडी कमी होत गेली. १९६७ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या विमानांच्या एका मोठ्या कंपनीनं कामगारांना येण्याजाण्याची वेळ थोडी मागेपुढे करायची मुभा दिली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या जॅक नायलस यांनी दूर बसून फोनच्या तारेवरून काम करण्याला 'टेलिकम्युटिंग' हा शब्द दिला. माणसाला कामाकडे न्यायचं त्याऐवजी कामच माणसाकडे न्यावं, अशी ती कल्पना. इकडे अहमदाबादला इलाबेन भट यांच्या 'सेवा' संघटनेनं घरी बसून विड्या, अगरबत्त्या, कपडे करणाऱ्या बायकांना कामगार म्हणा असा धोशाच लावला होता. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरी काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

आणि मग आला मार्च २०२०. ते तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेलच. कोरोनाची टाळेबंदी लागली, पुण्यामुंबईची ऑफिसं बंद पडली आणि संगमनेरसारख्या गावांत कितीतरी दादा-ताई लॅपटॉप घेऊन परत आले. एका खोलीत दादाचं ऑफिस, दुसऱ्या खोलीत ताईची शाळा, आणि फोन मात्र एकच! जे विडीच्या घरांना पूर्वीपासून माहीत होतं ते सगळ्यांना एकदम कळलं. काम घरात आलं की घर लहान होतं.

आई-बाबांनो, आता थोडं तुमच्यासाठी. (मुलांनो, तुम्ही वाचणारच, वाचा.) मूल तान्हं असताना आईनं घरी असावं हे सगळ्यांना पटतं. कायद्यालाही पटलं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची सोयही त्यात आली. पण मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की आपण म्हणतो, 'आता मोठा झाला, स्वतःचं स्वतः पाहतो.' अनेक आयांचा अनुभव नेमका उलटा आहे. दूधभात भरवायला आजी, शेजारीण, कुणीही चालतं. पण नववीतल्या मुलीचं मैत्रिणीशी बिनसलं किंवा मुलगा शाळा बुडवून भलतीकडेच फिरू लागला, तर तिथं शेजारीण काय करणार? सरकारी नोकरीत याची थोडी जाण दिसते. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती मूल १८ वर्षांचं होईपर्यंत टप्प्याटप्प्यानं घेता येते, म्हणजे दहावीच्या परीक्षेलाही. ज्यांची पत्नी हयात नाही अशा वडिलांनाही ती मिळते. खाजगी नोकरीत मात्र ज्यानं त्यानं आपल्या साहेबाशी बोलून पाहायचं.

म्हणून मग शोधाशोध सुरू होते. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मुलगी आठवीत गेली तेव्हा हिशेबनिसाची नोकरी सोडली आणि घरून करता येईल असं काम शोधू लागल्या. पहिलंच काम मिळालं ते फोनवर आलेल्या जाहिरातीतून. 'घरबसल्या टायपिंग, रोज दोन तास, भरपूर पगार.' फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचे. काकूंनी भरले. मग ओळखपत्राचे भरले. मग काम आलं, आणि 'तुमच्या टायपिंगमध्ये चुका निघाल्या' म्हणून दंडही आला! तेव्हा मुलगीच म्हणाली, "आई, पगार देणारा माणूस आपल्याकडे पैसे मागेल कशाला?" किती साधा प्रश्न! काकू स्वतः हिशेबनीस, पण गरज असली की हिशेब चुकतो. असं कुणाचं झालं तर लाजत बसू नये, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

काकूंना पुढे खरं काम मिळालं ते जाहिरातीतून नव्हे, जुन्या ओळखीतून. त्या पूर्वी जिथं जात होत्या तिथल्याच दोन दुकानदारांनी त्यांना जीएसटीचे हिशेब घरी करायला दिले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. महिन्याच्या ठरावीक दिवसांत त्या रात्री बारापर्यंत जागतात आणि त्या दिवसांत घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. बाकीचे दिवस मात्र त्यांचे आणि मुलीचे.

आता माझ्या त्या मित्राकडे परत येतो. तो इथंच इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला, टाळेबंदीत घरी आला आणि कंपनीनं चालवून घेतलं म्हणून घरीच राहिला. पुण्याला असताना शनिवार-रविवारी यायचा तेव्हा मुलगी त्याला सोडायची नाही. आता रोज घरी असतो. ती नववीत आहे. मागे एकदा ती मला म्हणाली, "काका, बाबा पुण्याला होते तेव्हा जास्त भेटायचे."

खरंच होतं ते. हा दिवसभर दार लावून बसतो, मांडीवर लॅपटॉप, कानांना हेडफोन. मुलगी दारात आली की नजर न उचलता एक बोट वर करतो. म्हणजे 'एक मिनिट'. ते मिनिट काही संपत नाही. ती आजीकडे निघून जाते. आजी म्हणजे आमची मावशी. सत्तरी उलटली, विड्या केव्हाच सुटल्या, खोकला राहिला. ती रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत डोकावते आणि विचारते, "आज किती झाल्या रे?"

"आई, विड्या नाहीत त्या!"

"घरखाताच की तुझाही. सूप तेवढं बदललं." आणि मग एके दिवशी म्हणाली, "मी दिवसभर बसायचे, पण कान उघडे असायचे हो माझे."

मित्राला ते लागलं. त्यानं कंपनीतल्या साहेबांना सांगून संध्याकाळी सहा ते साडेसहा ही वेळ मोकळी करून घेतली. तेवढं काम रात्री भरून देतो. सहा वाजता लॅपटॉप मिटतो, फोन खोलीतच ठेवतो आणि ओट्यावर येऊन आईबरोबर मेथी निवडतो. मुलीला हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. (हे त्याला फार जड गेलं म्हणे.) पहिले तीन-चार दिवस ती आलीच नाही. मग येऊन बसली, एक जुडी पुढं ओढून घेतली, पण गप्पच. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी ती खाली पाहत बोलायला लागली आणि साडेसहा वाजून गेले तरी थांबली नाही. काय बोलली ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मेथीची जुडी मात्र तिघांच्या हातात दहा मिनिटांत संपते. परवा बाजारात भेटला तेव्हा त्याच्या पिशवीत तीन किलो मटाराच्या शेंगा होत्या. घरात माणसं चार, आणि एवढे मटार कशाला म्हणून मी विचारलं.

म्हणाला, "सोलायला वेळ लागतो रे."